औषधाआधी खुराड्यात बॅटरी मारून बघा

वाचकाचं पत्र:

"नाशिकला म्हसरूळ भागात आमचं रो-हाउस आहे. मागच्या मोकळ्या जागेत सहा कोंबड्या आहेत, चार गिरिराज आणि दोन गावठी. गावठी दोन्ही आखाडासाठी बाजारातून आणल्या होत्या, पण लेकीनं कापू दिल्या नाहीत. त्यातली एक, चंद्री, श्रावणात खुडूक बसली. खाली अंडी ठेवली नव्हती तरी खोक्यातून उठत नव्हती. आता उठलीय, पण पंधरा दिवस झाले पिसं फुगवून कोपऱ्यात पेंगत असते, तुरा पांढरट पडलाय. बाकीच्यांची अंडीही निम्म्यावर आलीत. दुकानदार म्हणाला मानमोडी आहे, आणि एक पावडर दिली. ती दोन दिवस सगळ्यांच्या पाण्यात घातली. शेजारच्या काकू हळद-लसूण द्या म्हणतात, सासूबाई म्हणतात मरायच्या आत कापा. आणखी एक त्रास म्हणजे कोंबड्या हल्ली संध्याकाळी खुराड्यात जातच नाहीत. पेरूच्या झाडावर चढून बसतात, रोज धरून कोंडाव्या लागतात. खुराडं जुनं लाकडी कपाट आडवं करून बनवलंय. त्यात हात घातला की ह्यांना खाज सुटते. कोणतं औषध देऊ? आणि अंडी लेकीच्या डब्यात द्यायची का?"

म्हसरूळच्या ताई, नमस्कार.

तुम्ही औषधाचं नाव विचारलंय, पण दुखण्याचा पत्ता पत्रात तुम्हीच लिहून ठेवलाय, तोही 'आणखी एक त्रास' म्हणून जाता जाता. दिवेलागणीला कोंबडी आपणहून खुराड्यात शिरते, ही तिची सगळ्यात पक्की सवय. एक-दोन दिवस नाही, रोजच ती आत जायला नकार देत असेल, तर आत तिला काहीतरी छळतंय. कधी ते साप, घूस, मांजर असतं. पण तुमच्याकडे सोबत पांढरा पडलेला तुरा आहे, घटलेली अंडी आहेत, हाताला सुटणारी खाज आहे आणि जुन्या कपाटाच्या फळ्या आहेत. माझा नव्वद टक्के संशय रात्री रक्त पिणाऱ्या किड्यांवर आहे. उरलेल्या दहा टक्क्यांचं काय करायचं तेही सांगतो, पण आज रात्रीच एक काम करा.

साडेदहा-अकराला, कोंबड्या आत गाढ बसलेल्या असताना, मोठी बॅटरी आणि पांढरा कागद घेऊन जा. ज्या दांडीवर त्या बसतात तिच्या खालच्या अंगाला आणि दांडी जिथे फळीला टेकते त्या खोबणीत उजेड टाका. मग कागद त्या खोबणीवर घासा. कागदावर तांबडे फराटे उठले तर ते तुमच्या कोंबड्यांचं रक्त आहे, किड्यांच्या पोटातून आलेलं. हे लाल माइट्स. आकार मिलिमीटरभरही नाही. उपाशी असले की करडे, प्याले की लाल. दिवसा फटीत बसतात आणि बाहेर फक्त मीठ-मिरपूड सांडल्यासारखी करडी धूळ दिसते, म्हणून दिवसा खुराडं कितीही झाडलं तरी ते सापडत नाहीत. कपाटाच्या बिजागऱ्यांमागे, प्लायवूडचे थर सुटलेत तिथे आणि खिळ्यांच्या भोकांतही बघा. तिथे चपटे, तपकिरी, कलिंगडाच्या बीएवढे किडे दिसले तर ते कोंबड्यांचे गोचीड. तेही रात्रीच चावतात आणि दिवसा फटीत परततात. गावाकडे दोघांनाही सरसकट पिसवा म्हणतात. नाव काहीही असो, उपाय जवळजवळ एकच आहे.

आता चंद्रीच एवढी का खंगली, बाकीच्या का नाहीत? ती खुडूक होती म्हणून. बाकीच्या रात्रभर रक्त देऊन सकाळी बाहेर पडत होत्या, ती त्याच अंधाऱ्या खोक्यात दिवसरात्र बसून होती. खुडूक कोंबडी खाते कमी, उठते दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळा, तुरा एरवीही थोडा फिका पडतो, म्हणून घरच्यांना वाटतं, खुडूकपणामुळेच आहे. त्या आडोशाला किड्यांनी तिला रिकामी केली. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची नसतील तर तिला दोन-चार दिवस तळाला जाळी असलेल्या, खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात ठेवावं, दाणापाणी नीट द्यावं. खुडूकपणा लवकर जातो. पाण्यात बुडवून काढायची जुनी रीत मात्र सोडून द्या, पावसाळ्यात तर नकोच.

दुकानदाराच्या 'मानमोडी'वर मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. कोंबडी पेंगली की मानमोडी, असं एक ठरून गेलंय. मानमोडी, म्हणजे रानीखेत, लस न दिलेल्या कळपात शिरली तर पंधरा दिवस एकच कोंबडी कोपऱ्यात बसवून ठेवत नाही. हिरवट-पांढरी पातळ शीट, चोच उघडी टाकून श्वास, काहींची मान मुरगळलेली, पाय लुळे, आणि आठवड्याभरात खुराडं निम्मं रिकामं. शिवाय तो विषाणू आहे, त्यावर कोणतीही प्रतिजैविक पावडर चालत नाही. म्हणजे निदान बरोबर धरलं तरी औषध चूक, आणि निदानही चूक.

कोंबडी दुखणं लपवते. कळपात कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून अगदी निभेनासं होईपर्यंत ती धडधाकट असल्याचं सोंग आणते. आणि एकदा सोंग गळालं की जंत असो, अंडं अडकलेलं असो की विषबाधा, सगळ्या आजारी कोंबड्या सारख्याच दिसतात: पिसं फुगलेली, डोळे मिटलेले, शेपूट खाली. तेवढ्यावरून दुकानात उभं राहून रोग ओळखता येत नाही. कोंबडी हातात घ्यावी लागते.

म्हणून उद्या सकाळी दाणे टाकायच्या आधी चंद्रीला मांडीवर घ्या. आधी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही टणक गोळा लागला तर लांब गवत, सुतळी, प्लास्टिक असलं काही अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी डबडब लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आत आंबलंय. दोन्हीत तिला उलटी धरून ओकायला लावू नका, ते पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी हातातच मरते. मग छातीचं हाड बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर हे दुखणं पंधरा दिवसांचं नाही, बरंच आधीचं आहे, आणि मग जंतही डोक्यात ठेवायला हवेत. पोट खालून दाबून बघा. टणक अंडं लागत असेल आणि ती शेपूट खाली घालून, ताठ उभी राहून कुंथत असेल, तर अंडं अडकलंय. कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, अंधाऱ्या उबेत ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंडं आत फोडायचा प्रयत्न करू नका.

मग गुदद्वाराभोवतीची पिसं उलटी करून बघा. पिसांच्या मुळाशी पांढरट गुठळ्या चिकटल्या असतील तर त्या उवांच्या लिखा. उवा अंगावरच राहतात, पिवळसर असतात, पिसं बाजूला केली की पळताना दिसतात. आणि पायाचे खवले उचलल्यासारखे, चुन्याचा थर बसल्यासारखे झाले असतील तर तो पायाच्या माइट्सचा प्रकार. त्यावर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल काही आठवडे चोळत राहिलं तरी फरक पडतो.

शीट बघायला लोक लाजतात, पण अर्धं निदान तिथे आहे. चांगली शीट तपकिरी-करडी, घट्टसर आणि वर पांढरी टोपी. आठ-दहा वेळांतून एकदा चॉकलेटी रंगाची, चिकट, घाण वासाची येते, तीही अगदी ठीक. हिला हगवण समजून औषध देणारे मी पुष्कळ पाहिलेत. ताजं रक्त पडत असेल तर रक्ती हगवण, पण ती बहुतेक तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना आणि ओल्या भुशावर. मोठ्या कोंबडीला क्वचित. चंद्रीची आणि एका गिरिराजची सकाळची ताजी शीट स्वच्छ डबीत घेऊन जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या आणि जंतांची अंडी बघायला सांगा. फिका तुरा जंतांमुळेही होतो. माइट्स आणि जंत दोन्ही एकाच वेळी असतील, तर किड्यांचा बंदोबस्त करूनही कोंबडी उठत नाही आणि आपण म्हणतो उपाय चालला नाही.

कागदावर लाल फराटे आले असं धरून चालू. आता कोंबडीपेक्षा कपाटावर मेहनत घ्यायची आहे, कारण लाल माइट्स राहतात फटीत, कोंबडीच्या अंगावर फक्त जेवायला येतात. कपाट रिकामं ठेवून ते मरतील ही आशा नको, उपाशीपोटी कित्येक महिने काढतात. आणि भाद्रपदातल्या या दमट उबेत अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या किड्यापर्यंतचा फेरा आठवड्या-दहा दिवसांत पूर्ण होतो.

उघडीप मिळालेला दिवस निवडा. आतला भुसा, गवत, खोक्यातलं सगळं पोत्यात भरून लगेच जाळा. परसातल्या खतात टाकलं तर ते चालत परत येतील. दांड्या काढा, बिजागऱ्या सोडवा, सुटलेलं प्लायवूड उचकटून फेकून द्या. उकळतं पाणी आणि साबणाचा चोथा घेऊन प्रत्येक फट घासा. गावाकडच्या विटांच्या किंवा पत्र्याच्या खुराड्यात ब्लो-लॅम्पची ज्योत फिरवतात, ते उत्तम, पण तुमच्याकडे लाकूड आहे आणि भिंतीपलीकडे शेजारी आहेत, तेव्हा नको. उन्हात कडकडीत वाळू द्या. मग पशुवैद्यकाला विचारून कोंबड्यांच्या खुराड्याला चालणारा परमेथ्रिन किंवा तत्सम फवारा, सांगितलेल्या प्रमाणातच, फटीफटीत मारा. दाणापाण्याची भांडी त्याआधी बाहेर. पूर्ण वाळल्यावर फटी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवा आणि आतून चुन्याचा जाडसर हात द्या. हे सगळं सात दिवसांनी पुन्हा करायचं. फवाऱ्यानं किड्यांची अंडी मरत नाहीत, त्यातून निघालेले नवे किडे दुसऱ्या फेरीत सापडतात. दुसरी फेरी टाळणाऱ्यांचा सगळा खटाटोप वाया जातो, आणि टाळणारेच जास्त.

त्याच दिवशी सहाही कोंबड्यांच्या अंगाला, पंखाखाली आणि शेपटीखाली, डॉक्टर देतील ती पावडर. एक जरी पेरूवर राहिली तरी रात्री तिथून खाली उतरवून तिलाही लावा. परसात कोरडी माती आणि चुलीची थंड, चाळलेली राख मिसळून एका घमेल्यात ठेवा, पाऊस लागणार नाही अशा जागी. कोंबड्या त्यात लोळून स्वतःची स्वच्छता करतात. काकूंच्या हळद-लसणानं नुकसान काही नाही, पण फटीतल्या किड्याला त्याचं सोयरसुतक नाही.

खरं तर ते कपाटच मोडीत काढा. लोखंडी अँगल, जाळी आणि गोल पाइपाची दांडी असं साधं खुराडं कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो. पाय तेल घातलेल्या डब्यांत उभे केले की गोचीड वर चढत नाहीत. लाकडाच्या प्रेमात पडू नका.

आता एक सूचना खास आपल्या भागासाठी. मखमलाबाद, दिंडोरी, निफाड, कुणाचा ना कुणाचा मळा तुमच्या नात्यात असणारच, आणि कुणीतरी द्राक्षावर मारून उरलेलं औषध बाटलीत घालून देईल, 'एका फवाऱ्यात सगळं साफ' म्हणून. घेऊ नका. कोंबडी अंगावर पडलेलं चोचीनं खाजवते, त्यातलं पोटात जातं आणि पोटातलं अंड्यात उतरतं. 2017 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये हेच झालं. लाल माइट्स मारायला पोल्ट्रीत फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक वापरलं गेलं, ते अंड्यांत सापडलं आणि युरोपभर लाखो अंडी बाजारातून उचलावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्याकडे कुत्र्याच्या गोचिडांच्या थेंबांत असतं. तेव्हा तेही कोंबडीच्या मानेवर सोडू नका. तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्या, म्हशीसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजानं, हे सगळं त्याच यादीत. आणि मळ्याच्या बांधावर कोंबड्या चरत असतील तर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की त्यांना आवरा.

किडे आले कुठून? बहुधा आखाडाच्या पाहुण्यांसोबत. आठवडे बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका डालग्यात येतात आणि दहा गावचं सगळं घेऊन जातात. पुढे नवी कोंबडी आणली तर तीन-चार आठवडे निराळी ठेवा, आणि तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा म्हणजे तुमच्या हातापायांवरून इकडचं तिकडे जाणार नाही. खुराड्याच्या वरच्या पत्र्यात पारवे बसत असतील तर तीही वाट बुजवा. यजमानांच्या खाजेची काळजी नको. हे किडे माणसाला चावतात, माणसावर वस्ती करत नाहीत. फवाऱ्याच्या दिवशी मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क.

चंद्रीला तोवर घरात, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागद पसरून वेगळं ठेवा, कागद रोज बदला. लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, थोडा ओला करून, उकडलेलं अंडं कुस्करून, शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून द्या. पाणी पिते की नाही ते बघा, धडधाकट कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते. तुरा कागदासारखा पांढरा आणि ती उभी राहत नसेल तर हे घरगुती खाणं पुरणार नाही, डॉक्टर लोह आणि जीवनसत्त्वं देतील. नेणं जमत नसेल तर पशुसंवर्धन विभागाचा 1962 हा टोल-फ्री क्रमांक लावा. रंग परतायला काही आठवडे लागतात. अंडी त्याहून उशिरा, आणि दसऱ्यानंतर दिवस लहान होतात, पिसं झडतात, तेव्हा बाकीच्यांचीही अंडी थोडी घटतील. तो आजार नव्हे. जमिनीवर पिसं पडलेली दिसतील आणि कोंबडी मात्र दाणे नीट टिपत असेल.

मानमोडी यावेळी नसली तरी तिची लस राहिली असेल तर ती चूकच आहे. पिलाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लस, महिन्याच्या आसपास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन, असा साधारण क्रम. गिरिराज पिलांना पहिला डोस हॅचरीत मिळालेला असू शकतो, पुढचा बहुतेक कुणी देत नाही. बाजारच्या गावठींचं तर विचारायलाच नको. आज देऊ नका. आजारी, रक्त आटलेल्या कोंबडीला लस टोचायची नसते. चंद्री उभी राहिली की डॉक्टरांना विचारून सगळ्यांना एकदम द्या. बाटली बहुधा शंभर डोसची येते आणि मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीत, मळ्यात आणखी कुणाच्या कोंबड्या असतील त्यांना बोलवून एकाच दिवशी उरका. बर्फातून आणा.

एका परिस्थितीत मात्र हे सगळं बाजूला ठेवा. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या, तुरे निळे-जांभळे झाले, डोकं सुजलं, तर मेलेलीला कापू नका, फाडू नका, ओढ्यात टाकू नका. हात न लावता लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा 2006 साली सापडला तो नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. तुमच्या पत्रात तसलं काही नाही.

राहिली ती पावडर. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. त्यात कोलिस्टिन असेल तर दुकानदाराला परत करा. माणसांसाठी अगदी शेवटचा आधार म्हणून राखलेलं हे प्रतिजैविक आहे, आणि अंडी-मांसासाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना ते द्यायला 2019 पासून देशात बंदी आहे. दुसरं काही असेल तर पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, आपणहून पुन्हा सुरू करू नका.

सासूबाईंना सांगा की चंद्रीचं कालवण नको. आजारी कोंबडी खायची नाही हा एक भाग, आणि अंगात औषध आहे हा दुसरा. अंड्यांचंही तेच. औषध सहाही जणींच्या पाण्यात गेलंय, म्हणून चांगल्या दिसणाऱ्या गिरिराजची अंडीही त्यातच आली. पाकिटावर औषध थांबवल्यापासून किती दिवस अंडी खाऊ नयेत ते लिहिलेलं असतं, नसेल तर डॉक्टरांकडून तो आकडा घ्या. खुराड्यात फवारा आणि अंगाला पावडर लावल्यावर त्या औषधांचेही दिवस वेगळे मोजावे लागतील. तोवरची अंडी फोडून मातीत पुरा, कोंबड्यांना परत खायला घालू नका. चंद्रीला कुस्करायचं अंडं आणि लेकीच्या डब्यातलं अंडं, दोन्ही तेवढे दिवस बाहेरून विकत आणा.